लिओचा श्वास आणि आमच्याकडचं अस्वल

काल रात्री 'द रेव्हेनंट' तिसऱ्यांदा पाह्यला, यावेळी बाबांसोबत. नागपुरातला मे महिना, रात्री अकरालाही कूलर गरम हवाच फेकून राहिला होता आणि समोर टीव्हीवर नुसता बर्फ. बाबा इंग्रजी पिक्चर पाहत नाहीत, पण यात अस्वल आहे म्हटल्यावर चष्मा घेऊन येऊन बसले. त्यांचं लहानपण सिंदेवाहीकडं गेलं, जंगलाला लागून गाव, तिकडं मोहफुलं नाहीतर तेंदूपत्ता तोडायला जाणारी माणसं वाघापेक्षा अस्वलाला जास्त भितात, कारण वाघ बहुतेक वेळा बाजूला होतो आणि अस्वल दचकलं की थेट तोंडावरच येतं.

गोष्ट अमेरिकेतली, १८२३ ची. ह्यू ग्लास नावाचा शिकारी, त्याला पिल्लंवाली ग्रिझली अस्वल फाडते, सोबतचे त्याला मरायला सोडून जातात आणि तो सरपटत, लंगडत तीनशेच्या वर किलोमीटर अंतर काटून परत येतो. हे खरंच घडलं होतं. पिक्चरमधला त्याच्या मुलाचा खून मात्र पिक्चरवाल्यांनी मनानं जोडलेला आहे, खऱ्या ग्लासने तर सोडून जाणाऱ्या दोघांनाही जिवंत सोडलं. माझं म्हणाल तर मुलाचा भाग जोडला ते बरंच केलं, कारण ग्लास झालेल्या लिओनार्डो डिकॅप्रिओचं सगळ्यात भारी काम तिथंच आहे.

अस्वलाचा सीन सगळ्यांनाच आठवतो. ती एकदा झोडपून जाते, पुन्हा येते, त्याच्या डोक्यावर पाय ठेवून उभी राहते. पण मला त्याच्या नंतरचा सीन जास्त लागतो. लिओला स्ट्रेचरवर बांधलेलं आहे, गळा फाटलेला, आवाज निघत नाही. सोडून जाणाऱ्यांपैकी एक झालेला टॉम हार्डी जवळ बसून त्याला म्हणतो की तुला संपवू का, फक्त पापणी मिट. आणि लिओ डोळे ताणून उघडे ठेवतो, डोळ्यात पाणी येतं, लाल होतात, मानेच्या शिरा फुगतात, नाकातून श्वास फुसफुसून राहिला आहे, आणि मग हळूच डोळे मिटतो. लिओच्या तोंडून एक शब्द नाही पूर्ण सीनमध्ये. मी आधी दोनदा पाहताना समजलो होतो की त्याची ताकद संपली. बाबा म्हणाले, "नाही रे, पोरासाठी मिटले त्याने."

थोडा वेळ गप्प राहून मग त्यांनी सांगितलं की ते आठ-नऊ वर्षांचे असताना गावातल्या एका माणसाला अस्वलाने पकडलं होतं, त्याला बैलगाडीत टाकून नेलं, अंगावर गोधडी होती. तो ओरडून नव्हता राहिला. गोधडीखालून नुसती घरघर यायची. "असाच आवाज होता," बाबा टीव्हीकडं बोट दाखवून म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

लोकं म्हणतात की लिओने बायसनची खरी कच्ची कलेजी खाल्ली, थंडीत मेहनत केली म्हणून ऑस्कर दिला. मेहनत होतीच, दिग्दर्शक इन्यारितू आणि कॅमेरामन लुबेझ्की यांनी जवळपास सगळं नैसर्गिक उजेडात शूट केलं, म्हणजे दिवसाचे मोजके तास हातात, कॅनडातला बर्फ वितळला तर शेवटासाठी अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला गेले. पण कलेजी खाणं ही हिंमत झाली, ॲक्टिंग त्या पापणीत आहे. १९९३ च्या पिक्चरसाठी पहिलं नॉमिनेशन मिळालेल्या माणसाला २०१६ मध्ये ऑस्कर मिळाला, आणि तो अशा रोलला ज्यात डायलॉग मोजकेच आहेत. ग्लासला मेलेल्या बायकोची स्वप्नं जरा जास्त वेळा येतात, तेवढं मला खटकतं.

शेवटी तो सरळ कॅमेऱ्यात पाहतो, स्क्रीन काळा होतो आणि श्वास ऐकू येत राहतो. मी रिमोट उचलला तर बाबांनी हात धरला. "थांब, चालू आहे अजून त्याचा."

सकाळी चहा घेताना म्हणाले, तो पापणीवाला सीन पुन्हा लाव.