मागचा गळा

११ जानेवारी

लग्नसराईची मापं सुरू झाली. आज दुपारी एक मुलगी तिच्या आईबरोबर आली. मे महिन्यात लग्न आहे. मागच्या दिवाळीला तिचाच खणाचा ब्लाऊज मी शिवला होता, मागचा गळा ९ इंच, नाडी आणि लटकन लावून. आज म्हणाली, "काकू, पाचही ब्लाऊज मागून बंद करा. बोटनेक." तिची आई म्हणाली, "अगं, पैठणीचा तरी मोकळा घे की." ती काहीच बोलली नाही.

पाठीचं माप घ्यायला वेणी बाजूला सारली आणि टेप खांद्यावर टेकवली, तशी ती आकसली. कुर्त्याच्या गळ्यातून जेवढं दिसलं तेवढं पुरेसं होतं. मानेखालून दोन्ही खांद्यांवर बारीक पुळ्या, एकीला लागून एक, आणि मधेमधे खाजवल्याचे ओरखडे. मी टेप सैल धरली. छाती, कंबर, मुंडा, बाही, सगळं वहीत उतरवलं. मागच्या गळ्यापुढं 'बंद' लिहिलं.

ती गेल्यावर वही मिटता येईना. २२ वर्षं झाली मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत शिवणकाम करते. असं 'बंद' किती जणींच्या नावापुढं लिहिलं असेल? पाठ बघायची, काही बोलायचं नाही आणि गळा वर चढवायचा. गिऱ्हाईकाला बरं वाटावं म्हणून मी तसं करत आले. पण कुणाला एकदाही म्हटलं नाही, की बाई गं, हे डॉक्टरला दाखवलंस का?

१२ जानेवारी

रात्री झोप आली नाही. माझी स्वतःची पाठ आठवत राहिली.

मला सोळाव्या वर्षी मुरुम यायला लागले. तोंडावर चार-दोन, पण पाठीवर आणि छातीवर भरपूर. आमची आई म्हणायची, अंगात उष्णता आहे, रक्त बिघडलंय. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळ. पोटात काढा. आणि दर रविवारी वजरी. टाचा घासायची ती खरबरीत वजरी, तीच पाठीवर. "मळ बसलाय सगळा, निघाला पाहिजे," म्हणून आई जोर लावायची. तिचा हात रागाचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पोरीचं लग्न कसं व्हायचं ही काळजी त्या हातात होती. मी न्हाणीच्या भिंतीला दोन्ही हात टेकून उभी राहायची. पाणी खाली जाताना गुलाबी दिसायचं.

उजव्या खांद्यावर चिंचोक्याएवढी गाठ राहिली आहे. पावसाळ्यात अजून खाजते. माझ्या लग्नातल्या ब्लाऊजचा मागचा गळाही बंदच होता.

१९ जानेवारी

लेकीचा कॉलेजचा पांढरा शर्ट धुवायला घेतला. आतल्या बाजूला, सॅकचा पट्टा बसतो तिथं, तपकिरी ठिपके. रक्त वाळल्याचे. दोन्ही खांद्यांवर, अगदी पट्ट्याच्या रेषेत.

तिच्या टेबलाच्या खणात मलमाची ट्यूब सापडली. विचारलं तर म्हणाली, मैत्रिणीनं औषधाच्या दुकानातून आणून दिली, दोन महिने लावतोय. पहिल्या चार दिवसांत लाली बसली, मग बंद केलं की दुप्पट यायला लागलं. चिठ्ठीशिवाय मिळालेलं मलम. मी "दाखव" म्हटलं, तर "नको" म्हणून दार लावून घेतलं.

रात्री अकराच्या सुमारास मी काजं करत बसले होते. ती आपणहून आली आणि मशीनच्या दिव्यासमोर पाठमोरी उभी राहिली. काही न बोलता टी-शर्ट वर केला. खांद्यांवर कडक, दुखऱ्या गाठी. काहींना पांढरं तोंड. मधल्या पन्हाळीत काळे ठिपके, नि जिथं आधीचं बसलं होतं तिथं गडद डाग. माझीच पाठ माझ्यासमोर उभी होती. हात लावला नाही. म्हटलं, "परवा डॉक्टरकडं जाऊ." ती म्हणाली, "तू येणार असशील तर येतो."

२३ जानेवारी

राजारामपुरीत त्वचारोगाच्या मॅडमकडं गेलो. दोन तास नंबर लागला नाही. शेजारी तालमीतली दोन पोरं बसली होती, कान मोडलेले, मानेपासून पाठीपर्यंत पुळ्यांनी भरलेली. मला वाटायचं हे दुखणं मुलींचंच.

मॅडमनी पाठ नीट बघितली. दिव्याखाली, बोटांनी चाचपून. मग लेकीलाच समोर बसवून सांगितलं, मला नाही. ते मला फार आवडलं. प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची एक ग्रंथी असते. तोंडावर, छातीवर, पाठीवर त्या मोठ्या आणि दाट. वयात येताना संप्रेरकांमुळं तेल वाढतं, छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी चिकटून बूच बसतं, आत तेल तुंबतं. तिथं एक जंतू वाढतो, तो सगळ्यांच्याच कातडीवर असतो. शरीर त्याच्याशी झुंजायला लागलं की सूज येते, पू धरतो. लेक सायन्सला आहे, तिनं जंतूचं नाव लिहून घेतलं: क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस.

मी विचारलं, "आणि हे काळे ठिपके? तो मळ ना?"

"मळ नाही. बुचाचं तोंड उघडं असलं की आतलं रंगद्रव्य आणि तेल हवेनं काळं पडतं. घासून ते जात नाही, उलट कातडी सोलते, सूज वाढते."

मला क्षणभर काही सुचलं नाही. आईनं तीन वर्षं दर रविवारी जे घासलं ते मळ नव्हतंच. मी पदर सरकवून मॅडमना खांद्यावरची गाठ दाखवली. इतक्या वर्षांत नवऱ्याशिवाय कुणी बघितली नव्हती. म्हणाल्या, ही केलॉइड, जखम भरताना कातडी जास्तीची वाढते. छाती, खांदे आणि पाठीचा वरचा भाग यांची ही खोडच आहे, म्हणून तिथली पुळी कधी फोडायची नाही. गाठीत इंजेक्शन देऊन ती बसवता येते. मी एवढंच म्हटलं, आधी हिचं बघू या.

मग त्यांनी पाळीचं विचारलं. नियमित येते का, हनुवटीवर केस वाढलेत का, वजन एकदम वाढलं का. तसं काही असतं तर रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी करायला लावली असती. हिचं तसं नाही. मलमाची ट्यूब बघून मात्र त्यांचा चेहरा उतरला. आत स्टिरॉइड होतं. त्यानं लाली तात्पुरती बसते, पुढं कातडी पातळ पडते आणि त्याच्याच नव्या पुळ्या उठतात. ते आजपासून बंद.

औषधं मी वहीत लिहून ठेवलीत, मापं लिहिते तशीच. अंघोळीला बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश: ओल्या पाठीला लावायचा, दोन ते पाच मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. रात्री ॲडापलीनचं जेल, एक दिवसाआड, अगदी पातळ. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या सहा आठवडे. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला भाजल्यासारखं होतं. उन्हात अंग झाकायचं. या गोळ्या वर्षानुवर्षं घ्यायच्या नसतात, तीन महिन्यांच्या आत थांबवायच्या, नाहीतर जंतू त्यांना दाद देईनासा होतो.

आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे. "पाठीची कातडी तोंडापेक्षा जाड आहे. तिला घाई चालत नाही." तरीही खड्डे, गाठी पडत राहिल्या तर आयसोट्रेटिनॉइन नावाची कॅप्सूल असते, पण ती रक्त तपासून, डॉक्टरच्या नजरेखालीच. ती चालू असताना आणि नंतर महिनाभर दिवस जाता कामा नयेत, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं.

निघताना मी दुधाचं विचारलं. आमच्या घरात रोज गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं धारोष्ण दूध येतं, ते बंद करायचं का? म्हणाल्या, सरसकट बंद नको. गोडधोड आणि मैदा कमी करा. व्हे प्रोटीनच्या पावडरीनं मात्र काही जणांच्या पुळ्या वाढतात. आणि शरीर कमवायची इंजेक्शनं घेतली तर छाती-पाठ झपाट्यानं भरते. बाहेर बसलेली ती पोरं डोळ्यासमोर आली. त्यांनी तसलं काही घेतलेलं नसू दे.

५ फेब्रुवारी

घरातला निळा टॉवेल जागोजागी पिवळट-पांढरा झाला. त्या वॉशनं कापडाचा रंग उडतो. आता तिला दोन पांढरे टॉवेल आणि झोपायला पांढरे बनियन.

लेक आज एक वाचून दाखवत होती. घासल्यानं, दाबानं आणि घामानं उठणाऱ्या पुळ्यांना 'ॲक्ने मेकॅनिका' हे नाव अमेरिकेतल्या मिल्स आणि क्लिगमन या दोन डॉक्टरांनी १९७५ साली दिलं. पट्टे, हेल्मेट, घट्ट कपडे. मी कात्री खाली ठेवली. ब्लाऊजला मी वर्षानुवर्षं स्वस्तातलं पॉलिस्टरचं अस्तर लावत आले. गिऱ्हाईक दर कमी करायला लागलं की पहिली काटछाट अस्तरातच. ते घाम पीत नाही, पाठीला चिकटून घासत राहतं. पुळ्या त्यानं होतात असं नाही, पण ज्या पोरीला आधीच आहेत तिला आम्ही दिवसभर त्यात कोंडतो.

दुपारी महाद्वार रोडला जाऊन सुती अस्तराचा तागा घेऊन आले. पंधरा-वीस रुपये जास्त पडतील, ते मी सांगून घेईन.

लेकीची वेणी आता वर बांधतो. तेल चोपडलेले केस पाठीवर लोळायचे, ते बंद. न्हाल्यावर पाठ शेवटी धुवायची, म्हणजे केसांचं तेल नि कंडिशनर पाठीवर राहत नाही. सॅक निम्मी रिकामी केली.

१४ फेब्रुवारी

ती लग्नाची मुलगी फॉल-पिकोच्या साड्या द्यायला आली. एकटीच होती. चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "पाठीला खाज येते का गं?" तिचे डोळेच भरले. म्हणाली, "रात्रभर येते काकू. घाम आला की जीव नको होतो." औषधाच्या दुकानातून दोन महिने अँटिबायोटिक घेत होती, आणि वाढतच चाललं होतं. शेवटी मैत्रिणीनं तिच्या उरलेल्या कॅप्सूल दिल्यात, लग्नाच्या आत पाठ लख्ख होईल म्हणून. पर्समधून पाकीट काढलं. नाव वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. आयसोट्रेटिनॉइन. मेमध्ये लग्न असलेली पोर.

मॅडमनी जे सांगितलं ते सगळं तिला सांगितलं. अजून एकही घेतली नव्हती. तिच्या आईला फोन मीच लावला. त्यांना आधी माझं बोलणं आगाऊ वाटलं असेल, पण ऐकून घेतलं.

३ मार्च

त्या लग्नाच्या मुलीचं निदान वेगळंच निघालं. त्या मुरुमाच्या पुळ्याच नव्हेत. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तर मॅलॅसेझिया नावाची बुरशी केसांच्या मुळांत वाढलेली. अँटिबायोटिकनं जंतू मेले आणि बुरशीला रान मोकळं मिळालं. सगळ्या पुळ्या एकाच आकाराच्या आणि सतत खाज, ही त्याची खूण. बुरशीवरचं औषध सुरू झालं आणि तिसऱ्या आठवड्यात ती शांत झोपायला लागली. माझ्या नजरेला तिची आणि लेकीची पाठ एकाच माळेचे मणी वाटत होत्या.

आमच्या घरात मात्र रडारड. सहावा आठवडा उलटत आला, दोन मोठ्या गाठी नव्या उठल्या, जेलनं कातडी कोरडी पडून सालपटं निघतात. "काही होणार नाही, सोडतो मी हे," म्हणाली. मी तिला माझ्या खांद्यावरच्या गाठीला हात लावायला दिला. वजरीचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ गाठीवर बोट ठेवून बसली. मग उठून जेल लावून मागितलं, कारण पाठीच्या मधोमध तिचा हात पोचत नाही.

२० एप्रिल

बारा आठवडे झाले. गोळ्या मार्चमध्येच संपल्या, वॉश आणि जेल चालू आहे. नवीन पुळी आठवड्याला एखादी. गाठी बसल्यात. डाग आहेत, ते जायला काही महिने लागतील असं मॅडम म्हणाल्या. ऊन तापलंय, कॉलेजातून आली की पहिला शर्ट बदलते. माझ्या गाठीत पहिलं इंजेक्शन गेल्या सोमवारी दिलं. दुखलं बरंच.

संध्याकाळी ती लग्नाची मुलगी ट्रायलला आली. म्हटलं, अजून वेळ आहे, पैठणीचा मागचा गळा उघडायचा का? तिनं आरशात मागं वळून बघितलं. थोडे डाग आहेत अजून. म्हणाली, "राहू दे काकू, बोटनेकच मला आवडायला लागलाय. पण हळदीचा करा मोकळा." मी वेणी बाजूला सारून पाठीला टेप लावली. ती केटररशी फोनवर बोलत होती, पांढऱ्या रश्श्यावरून भांडत, आणि बोलणं मधे तुटलं नाही.

वहीत 'बंद' खोडून ७ इंच लिहिलं. हुका उद्या लावते.