भेगाळलेल्या जमिनीच्या चौकटीबाहेर

भेगा पडलेल्या तळ्याचे छायाचित्र मी हल्ली सहसा काढत नाही. ते चटकन नजरेत भरते, पण त्यातून पाणी आटले एवढेच कळते. ते कोणी आणि कशासाठी नेले, हे कळत नाही. पाणीटंचाई ही केवळ आभाळाची करणी नसते, तिच्यामागे माणसाचा हात असतो आणि तो छायाचित्रात दिसलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

मध्य आशियातला अरल समुद्र १९६० मध्ये सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर पसरलेला होता. अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी सोव्हिएत काळात कापसाकडे वळवले गेले आणि त्याच्या तळाच्या जागी खारट वाळवंट उरले. एकेकाळी त्याच्या काठी असलेल्या मोयनाक बंदराच्या वाळूत रुतलेली गंजकी जहाजे प्रसिद्ध आहेत, परंतु मला त्यांहून बोलकी वाटतात ती उपग्रहांनी वर्षानुवर्षे टिपलेली छायाचित्रे, कारण त्यांत मागे सरकणारा किनारा आणि कालव्यांवर पोसलेली शेती एकाच नजरेत येते.

आपल्याकडेही इस्रोच्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ मध्ये देशाची २९.७७ टक्के जमीन नापिकीकडे झुकलेली होती. धूप आणि झाडोऱ्याचा नाश ही त्याची मोठी कारणे आहेत. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा त्या गाडीची छायाचित्रे देशभर छापली गेली. मराठवाड्यातल्या उसाची मात्र क्वचितच.

मुंबईकर छायाचित्रकाराला तर फार लांब जावेच लागत नाही. महानगराला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते आणि त्यातला मोठा वाटा शहापूर तालुक्यातल्या भातसा आणि तानसा या धरणांतून येतो. त्याच तालुक्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो, उतारावरून वाहून जातो आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर सुरू होतात. टँकर विहिरीत पाणी ओततो आणि ते गढूळ पाणी स्थिर होण्याआधीच चहूबाजूंनी पोहरे पडू लागतात. मी तिथे कठड्याच्या अगदी जवळ जातो, कारण दोर घासून घासून दगडात बोटभर खोल खाचा पडलेल्या असतात आणि कुणी किती वर्षे पाणी शेंदले, याची त्याहून खरी नोंद दुसरी नसते. बायकांचे चेहरे मात्र त्यांना विचारल्याशिवाय टिपू नयेत. घागर डोक्यावर घेऊन चढण चढणाऱ्या बाईला मध्येच थांबवूही नये.

नंतर मी जवळची टेकडी चढतो आणि जिथून विहीर आणि मुंबईकडे जाणारी जाड जलवाहिनी एकाच चौकटीत मावतील, अशी जागा शोधतो. छायाचित्राखाली महिना, तालुका, धरणाचे नाव आणि त्या धरणाचे पाणी कोणत्या शहरात जाते, एवढे लिहितो. मुंबईत ही छायाचित्रे दाखवताना ती शेवटची ओळ गाळावी, असे मला अनेकदा सुचवले जाते, आणि मी ती गाळत नाही.