नाव रजिस्टर झालं, मग आता टेन्शन कसलं?

परवा मेसेज आला, तुमच्याकडून घेतलेल्या टीशर्टचा रंग पहिल्याच धुण्यात गेला, पैसे परत करा. ऑर्डर नंबर मागितला तर तो आमचा नव्हताच. मग लेबलचा फोटो मागवला आणि डोकंच फिरलं. आमचंच नाव, फक्त मधलं एक अक्षर डबल केलेलं, बोलताना तर फरक कळतही नाही.

आमच्या ब्रँडचं नाव ट्रेडमार्क म्हणून रीतसर रजिस्टर आहे, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलंय, आणि मी इतके दिवस याच भ्रमात की आता कोण हात लावणार. पण कसंय, ते सर्टिफिकेट भिंतीवरून उतरून कुणाच्या मागे धावत नाही, आणि ट्रेडमार्क ऑफिसचा माणूसही कोण कुठलं नाव लावून काय विकतंय ते बघत फिरत नाही. ते आपलं आपणच बघायचं.

त्या रात्री तावातावाने लांबलचक मेल लिहिला, कोर्टात खेचतो वगैरे. नशीब पाठवला नाही. सकाळी वकील मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "ते कधीपासून वापरतायत हे नाव?" मला काय माहीत! मग म्हणाल्या आधी ते शोधा, कारण बऱ्याच देशांत आधीपासून वापरणाऱ्याला नंतर रजिस्टर केलेला माणूस सहजासहजी हटवू शकत नाही, आणि काही ठिकाणी तर बिनबुडाची धमकी दिली म्हणून समोरचाच तुमच्यावर केस टाकू शकतो. मी गप्प.

मग दोन दिवस नुसती खोदाई. आमची सगळ्यात जुनी बिलं, पहिल्या लेबलचा फोटो, त्यांच्या पेजचे तारखेसकट स्क्रीनशॉट, आणि त्या चुकून आमच्याकडे आलेल्या तक्रारीही. मॅडमना सगळ्यात जास्त आनंद त्या तक्रारींचा झाला, कारण मूळ मुद्दाच हा असतो की गिऱ्हाईक गोंधळतंय का. स्पेलिंग हुबेहूब असायलाच पाहिजे असं नाही, दिसायला, ऐकायला किंवा अर्थाने जवळचं असलं आणि मालही तसाच असला तरी पुरतं.

शोधताना अजून एक सापडला, शब्दशः आमचंच नाव, पण तो अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर विकतो. मी म्हटलं यालाही ठोकूया. मॅडम हसल्या. जगभरात बहुतेक ठिकाणी माल आणि सेवांचे मिळून ४५ क्लास धरतात, आपलं रजिस्ट्रेशन कपड्यांचं, आणि टीशर्ट घ्यायला निघालेला माणूस चुकून हिशोबाचं सॉफ्टवेअर घेऊन घरी येणार नाही. फार गाजलेल्या नावांना क्लासच्या पलीकडेही संरक्षण मिळतं, पण आपण कुठे तेवढे गाजलोय. सोडला त्याला.

डबल अक्षरवाल्याला मात्र नोटीस गेली, एका पानाची, माझ्या मेलपेक्षा कितीतरी थंड. रजिस्ट्रेशन नंबर, कधीपासूनचा वापर, काय बंद करायचं आणि किती दिवसांत, बस. ज्या साइटवर तो विकायचा तिथेही तोच नंबर देऊन तक्रार केली. त्याने आमच्या नावाचं डोमेनही (म्हणजे वेबसाइटचा पत्ता) घेतलं असतं तर त्यासाठी १९९९ पासूनची युडीआरपी नावाची, डोमेनचे वाद कोर्टाबाहेर सोडवायची वेगळी सोय आहे, पण तिथे डोमेन घेणाऱ्याची नियत वाईट होती हे दाखवावं लागतं आणि मिळून काय मिळतं तर डोमेन, नुकसानभरपाई नाही.

वाचता वाचता एक मजेशीर गोष्ट कळली. एस्केलेटर हे एकेकाळी ओटिस कंपनीचं ट्रेडमार्क होतं. लोक सगळ्याच सरकत्या जिन्यांना एस्केलेटर म्हणायला लागले, कंपनी स्वतःही हा शब्द सर्रास तसाच वापरायची, आणि १९५० मध्ये अमेरिकेत ते नाव हातातून गेलं. अ‍ॅस्पिरिन तर अजून भारी, अमेरिकेत कुणीही वापरावं असं नाव, पण कॅनडात अजून बायरचं. म्हणजे हक्क देशागणिक वेगळा, आमचं रजिस्ट्रेशनही सीमेपलीकडे शून्य. तिकडचा अर्ज कधी करायचा यावर घरात अजून वाद चालू आहे.

आत्ताची परिस्थिती अशी की समोरच्याने लेबल बदललं, बहुतेक लिस्टिंग काढली, एक अजून तशीच आहे. कॅलेंडरमध्ये दर महिन्याच्या एक तारखेला "नाव शोधणे" असा रिमाइंडर लावलाय. आणि त्या रंग गेलेल्या टीशर्टवाल्या ताईंना आम्ही आमचा एक टीशर्ट पाठवला, त्यांच्यामुळेच तर कळलं.