रकान्यातलं शून्य

कोल्हापूरच्या रंकाळा तळ्याच्या सर्वेक्षणातलं शिवाजी पेठेतलं एक घर डोक्यातून जात नाही.

तळ्यात मिसळणारं सांडपाणी पूर्ण थांबलं, तर त्यासाठी तुमचं कुटुंब वर्षाला किती जादा पैसे देईल, एवढंच विचारायचं होतं. फॉर्म दोन तऱ्हेचे. एकात पहिला आकडा १०० रुपये, दुसऱ्यात ५००. ‘हो’ म्हटलं की चढवायचा, ‘नाही’ म्हटलं की उतरवायचा. कुठल्या घराला कुठला फॉर्म, ते चिठ्ठ्या टाकून ठरलेलं. एकाच गल्लीत १०० वाली घरं शंभराच्या आसपास घुटमळायची, ५०० वाली कितीतरी वर थांबायची. रंकाळ्याची किंमत कुणी मनात ठरवून बसलेलं नसतं. विचारणाऱ्याच्या तोंडून आधी जो आकडा जातो, तोच धरून लोक बोलतात.

त्या घरातल्या आज्जींनी मला तासभर बसवून घेतलं. पाणी कधी हिरवं पडतं, वास कुठल्या बाजूनं येतो, जलपर्णी कशी पसरत गेली, सगळं सांगितलं. "आमी सगळी ह्याच पाण्यात पवायला शिकलो." मग मी फॉर्मातलं वाक्य वाचलं: ही रक्कम घरफाळ्यात वाढवून घेतली जाईल.

"घरफाळ्यात? एक रुपाया न्हाई द्यायची. आजवर भरला त्याचं काय केलं, ते सांग आधी."

रकान्यात शून्य. आदल्याच घरात एका भाडेकरू पोरानं रंकाळ्याशी आपलं काही देणंघेणं नाही म्हणून शून्य सांगितलेलं. कागदावर दोघं सारखेच.

फॉर्म मिटल्यावर आज्जी म्हणाल्या, "तालमीनं येगळी पेटी ठेवली आन् हिशेब फळ्यावर लावला, तर म्हैन्याला पन्नास घेऊन जा." हे लिहायला जागाच नव्हती. मी समासात लिहिलं. ऑफिसात ‘समासातलं धरत नाही’ म्हणून ते गाळलं. आकडेमोड करणाऱ्यांनी एकदा तरी उंबऱ्यावर बसून फॉर्म भरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अमेरिकेत एक्सॉन व्हाल्डेझ या जहाजाच्या तेलगळतीनंतर केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थतज्ज्ञांच्या समितीनं अशा सर्वेक्षणांबद्दल १९९३ सालीच सांगितलं होतं की मतदानासारखं हो-नाही विचारा, आणि त्यामागचं कारणही विचारा. आज्जींसारखी शून्यं गाळली तर सरासरी फुगते, आणि घरफाळावाढीला लोक राजी आहेत असं चित्र उभं राहतं. ठेवली तर आज्जींना तळ्याची किंमत नाही असं ठरतं. दोन्ही मला पटत नाही.

पुढच्या फेरीच्या मसुद्यात मी ‘का?’चा रकाना घातलाय. त्यानं एक पान वाढतं, काढून टाका, असा निरोप आलाय. मी काढलेला नाही.