ट्यूब गेली म्हणून आलेला ४६५

जुने ऑसिलोस्कोप (विजेचा सिग्नल स्क्रीनवर रेघेच्या रूपात दाखवणारी मशीन) रिपेअर करणाऱ्या माणसाला "ट्यूब गेली" हे दोन शब्द फार जपून वापरावे लागतात. रेझिस्टर, ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, अगदी ट्रान्सफॉर्मरसुद्धा कुठून ना कुठून मिळतो किंवा करून घेता येतो, पण या जुन्या स्कोपची पिक्चर ट्यूब म्हणजे सीआरटी आता कोणी बनवत नाही, आणि ती बदलायची म्हणजे तसाच दुसरा एक स्कोप मोडायचा. म्हणून ट्यूब गेली असं एकदा कोणी सांगितलं की मालक पुढे विचारतच नाही, स्कोप सरळ पार्टसाठी जातो. मला या गोष्टीची खरंच चीड येते कारण यातल्या कित्येक ट्यूब चांगल्या असतात.

हा स्कोप टेक्ट्रॉनिक्सचा ४६५ होता. १९७२ ला आलेलं मॉडेल, १०० मेगाहर्ट्झ, दोन चॅनल, डिलेड स्वीप (सिग्नलचा हवा तेवढाच भाग ताणून बघायची सोय), हँडल धरून उचलून नेता येईल असा. ज्या काकांचा तो होता त्यांनी अख्खी नोकरी ट्रान्समीटर सांभाळण्यात काढलेली, आणि रिटायर झाल्यावरही हा एक स्कोप त्यांनी जवळ ठेवला होता. आधी एका ठिकाणी दाखवला होता, तिथे ट्यूब गेली म्हणून परत मिळाला. माझ्याकडे आले ते रिपेअरसाठी नाहीच. म्हणाले, "अहो, तुमच्याकडे असे बरेच येतात ना, यातलं जे उपयोगाचं असेल ते काढून घ्या, दुसऱ्या कोणाचा तरी चालू होईल." मी म्हटलं काका, घेतो, पण आधी मला मोजू द्या. त्यांनी मान हलवली आणि स्टूल ओढून बाजूला बसले.

चालू केला तर समोरचा दिवा लागत होता, स्क्रीन पूर्ण काळी. बीम फाइंडर दाबला तरी काळीच. (ज्यांनी जुना टेक्ट्रॉनिक्स वापरलेला नाही त्यांच्यासाठी, बीम फाइंडर हे असं बटण आहे की ट्रेस, म्हणजे स्क्रीनवरची रेघ, स्क्रीनच्या बाहेर कुठेही गेलेली असली तरी ते दाबल्यावर आक्रसून आत येते आणि दिसते, म्हणजे निदान बीम, ट्यूबमधला इलेक्ट्रॉनचा झोत, आहे की नाही एवढं कळतं.) आधीच्या माणसाचं निदान कसं झालं असेल ते इथे माझ्या लक्षात आलं. फ्यूज शाबूत, दिवा लागतोय, म्हणजे सप्लाय ठीक, आणि सप्लाय ठीक असून प्रकाश नाही म्हणजे ट्यूब. ऐकायला बरोबर वाटतं. पण या स्कोपच्या रेग्युलेटरला (व्होल्टेज ठरल्या आकड्यावर धरून ठेवणारं सर्किट) करंट लिमिट आहे, एखादी रेल, म्हणजे आतल्या बोर्डांना एक ठरलेलं व्होल्टेज पुरवणारी लाइन, शॉर्ट झाली तरी रेग्युलेटर करंट आवरून धरतो आणि मेनचा फ्यूज उडतच नाही. फ्यूज शाबूत असणं हा सप्लाय चांगला असल्याचा पुरावा इथे होत नाही. त्यातून होल्डरमध्ये फ्यूज होता तोही मागच्या पॅनलवर छापलेल्या रेटिंगपेक्षा जास्तीचा, कोणीतरी कधीतरी घालून ठेवलेला. तो पहिल्यांदा बदलला.

मग रेल मोजल्या. ४६५ मध्ये डीसी रेल पाच, +११०, +५५, +१५, +५ आणि उणे ८. सुरुवात ५५ पासून करायची कारण बाकीच्या रेग्युलेटरना संदर्भ तिथून मिळतो, तीच वाकडी असेल तर पुढचं मोजून उपयोग नाही. ५५ जागेवर. ११० ठीक. ५ ठीक. उणे ८ ठीक. आणि +१५ च्या टेस्ट पॉइंटवर अर्ध्या व्होल्टच्या आसपास काहीतरी.

काकांना मीटर दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त स्टूल थोडं पुढे ओढलं.

स्कोप बंद केला, प्लग काढला, मोठे फिल्टर कपॅसिटर रेझिस्टर लावून डिस्चार्ज केले आणि १५ च्या रेलपासून ग्राउंडपर्यंत ओहम पाहिले तर १.२. म्हणजे शॉर्ट, आणि या वयाच्या मशीनमध्ये असा शॉर्ट म्हटलं की पहिला संशय टँटलम कपॅसिटरवर. सॉलिड टँटलमची खोड अशी की अॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकसारखा तो हळूहळू कोरडा पडून कमजोर होत नाही, बहुतेक वेळा सरळ शॉर्ट होतो, आणि मागे भरपूर करंट देणारा सप्लाय असेल तर जळून धूरही करतो. त्यामुळे टँटलम त्याच्या छापील व्होल्टेजच्या निम्म्यावर चालवावा असं म्हणतात. १५ व्होल्टच्या रेलवर २० व्होल्टचा टँटलम बसवलेला असेल तर मार्जिन फार उरत नाही आणि एवढी वर्षं तो टिकला हेच खूप.

पण कुठला? १५ ची रेल सप्लायमधून निघून व्हर्टिकल, ट्रिगर, टायमिंग सगळीकडे जाते आणि प्रत्येक बोर्डावर तिच्यावर कपॅसिटर. एकेक पाय उचलून बघत बसायची पद्धत मला पसंत नाही. हे जुने बोर्ड, पॅडला दोन-तीन वेळा गरम केलं की कॉपर सुटायला लागतं आणि एका खराब कपॅसिटरपायी दहा चांगले जॉइंट बिघडवायचे हे काही खरं नाही. त्यापेक्षा करंटलाच विचारायचं, बाबा तू जातोस कुठे.

पद्धत अशी. बेंच सप्लायचं (टेबलावरचा, व्होल्टेज आणि करंट ठरवता येणारा सप्लाय) व्होल्टेज लिमिट अर्ध्या व्होल्टवर, म्हणजे कुठलाही सिलिकॉन जंक्शन नीटसा चालू होणार नाही आणि कशालाही इजा नाही. करंट लिमिट ०.३ अँपिअर. प्लस १५ च्या टेस्ट पॉइंटला, मायनस ग्राउंडला. आता ०.३ अँपिअर रेलमधून शॉर्टपर्यंत जातोय आणि तिथून ग्राउंडने परत येतोय, आणि जातो त्या वाटेवरच्या कॉपरमध्ये थोडंथोडं व्होल्टेज पडतंय. किती थोडं? नेहमीच्या जाडीचा, एक मिलिमीटर रुंद, पाच सेंटिमीटर लांब ट्रॅक धरला तर साधारण २५ मिलिओहम, म्हणजे ०.३ अँपिअरला साडेसात मिलिव्होल्ट. साध्या हँडहेल्ड मीटरवर हे जेमतेम दिसतं, पण माझ्या टेबलावर एचपीचा ३४७८ए आहे, साडेपाच डिजिटचा, ३० मिलिव्होल्टच्या रेंजवर १०० नॅनोव्होल्टपर्यंत दाखवणारा, त्याला हे भरपूर झालं. (त्याची स्वतःचीही काळजी घ्यावी लागते. कॅलिब्रेशनचे आकडे आत एका लिथियम सेलवर जिवंत असलेल्या मेमरीत असतात, सेल मेला की आकडे गेले, म्हणून सेल बदलताना समांतर दुसरं व्होल्टेज देऊनच बदलायचा. ज्यांच्याकडे हा मीटर आहे त्यांनी सेल एकदा तपासून घ्या, खरंच.)

मीटरची एक वायर करंट सोडतो त्या जागी पक्की, दुसरी हातात, आणि रेलवरून पुढेपुढे टेकवत जायचं. जिथे करंट वाहतोय तिथे रीडिंग वाढत जातं, जिथे वाहत नाही तिथे कितीही पुढे गेलात तरी आकडा तोच. व्हर्टिकलकडे जाणाऱ्या फाट्यावर गेलो, २.१ मिलिव्होल्ट, पुढे २.१, बोर्डाच्या शेवटी २.१. तिकडे कोणी नाही. परत फिरून टायमिंगकडे, तिथेही २.१. मग ट्रिगरच्या फाट्यावर २.१, मग ३.४, मग ४.८, आणि काका आता उभे राहून माझ्या खांद्यावरून बघत होते आणि प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होते, ६.९, ९.६, आणि मग एका थेंबाच्या आकाराच्या कपॅसिटरच्या प्लस पायानंतर पुढच्या दोन्ही पॉइंटवर ९.६ ला आकडा थांबला. त्या पायापर्यंत करंट येतोय आणि पुढे जात नाहीये. म्हणजे तिथेच खाली उतरतोय. खात्रीसाठी त्याच कपॅसिटरच्या दोन पायांमध्ये मोजलं, ३३० च्या वर मिलिव्होल्ट, म्हणजे लावलेलं जवळजवळ सगळं व्होल्टेज त्या एका थेंबावर पडत होतं.

वरून बघितलं तर त्या कपॅसिटरला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. रंग तसाच, चीर नाही, डाग नाही, वास नाही. इतक्या कमी पॉवरला बोटाला गरमही लागत नाही. नुसत्या डोळ्यांनी शोधणारा माणूस त्याच्यावरून शंभर वेळा गेला असता.

काढला, बाहेर मोजला, १.१ ओहम. रेलवर पुन्हा ओहम पाहिले तर शंभरच्या वर चढले. त्याच किमतीचा पण ३५ व्होल्टचा नवा टँटलम बसवला, पोलॅरिटी दोनदा बघून, कारण टँटलम उलटा बसला तर तो सांगून फुटत नाही. मग व्हेरिअॅकवर (मेनचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू व्होल्टेज वाढवत नेलं. हे इथे चालतं कारण ४६५ चा सप्लाय लिनिअर आहे, स्विचिंग सप्लायच्या मशीनला असं अर्धवट व्होल्टेजवर खेळवू नये, तो कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढतो. १५ ची रेल वर आली आणि १५ वर थांबली. रिपलही (डीसीवर उरलेली एसीची लहर) ठीक.

आता ट्यूबचं. कॅथोडला उणे २४५० व्होल्ट असायला हवेत, आणि ते साध्या मल्टिमीटरने मोजायचे नाहीत हे कोणी नवीन वाचत असेल तर त्याला बजावून सांगतो, त्यासाठी १०००:१ चा हाय व्होल्टेज प्रोब लागतो, आणि प्रोब लावताना एक हात खिशात. ट्यूबच्या अॅनोडला तर याच्या कितीतरी पट जास्त व्होल्टेज असतं आणि मशीन बंद केल्यावरही ते तिथे राहू शकतं. माझा आकडा २४५० च्या अगदी जवळ आला. इंटेन्सिटी पूर्ण खाली होती, ती मुद्दाम तशीच ठेवली होती, कारण इतके दिवस बंद असलेल्या ट्यूबवर एकदम भडक ठिपका आला तर फॉस्फर, म्हणजे स्क्रीनच्या आतला चमकणारा लेप, जळतो. स्वीप (बीम डावीकडून उजवीकडे नेणारा भाग) ऑटोवर, आणि नॉब हळूहळू फिरवला.

हिरवी रेघ आली. बारीक, फोकस केल्यावर तर कापल्यासारखी स्वच्छ. गेलेल्या ट्यूबची रेघ अशी नसते, ती फुगीर आणि मंद असते आणि इंटेन्सिटी वाढवली की पसरते. ही ट्यूब कमीच वापरलेली होती. काका म्हणाले, "अरे, ही तर माझीच आहे." आणि मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत. मीही प्रोब शोधायच्या निमित्ताने जरा लांब गेलो.

समोरच्या कॅलिब्रेटरचा एक किलोहर्ट्झचा ३०० मिलिव्होल्ट स्क्वेअर वेव्ह लावला, खान्याला ५० मिलिव्होल्टच्या सेटिंगवर स्क्रीनवर बरोबर सहा खाने उंची यायला हवी. चॅनल एकला आली. चॅनल दोनला काही सेटिंगवर यायची, काहींवर उंची कमी, नॉबला धक्का लागला की परत बरोबर. हे कॅम स्विच. आत एक ड्रम आहे, त्यावर उंचवटे, ते पानासारखे बारीक कॉन्टॅक्ट खाली बोर्डावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांवर दाबतात. इथे पॉलिश पेपर किंवा खोडरबर घासणाऱ्यांना मी हात जोडून विनंती करतो की तसं करू नका, मुलामा एकदा गेला की गेला. स्प्रेही मारू नका, तो नको तिथे झिरपतो. चांगल्या जाड कागदाची पट्टी कापायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओलवायची, कॉन्टॅक्टच्या खाली सरकवायची, नॉब फिरवून कॉन्टॅक्ट बंद करायचा आणि पट्टी अलगद ओढून काढायची. पट्टीवर काळी रेघ येते. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत प्रत्येक कॉन्टॅक्टला हे. वेळखाऊ काम आहे, पण त्या दिवशी काका स्वतः पट्ट्या कापून देत होते त्यामुळे लवकर झालं.

शेवटी बँडविड्थ, म्हणजे किती वेगाच्या सिग्नलपर्यंत स्कोप नीट दाखवतो ते. एका फास्ट पल्सरचा एज लावला, ज्याचा स्वतःचा राइझ टाइम (१० वरून ९० टक्क्यांवर चढायला लागणारा वेळ) एक नॅनोसेकंदाच्या खूप खाली आहे, त्यामुळे स्क्रीनवर दिसतो तो स्कोपचा. १०० मेगाहर्ट्झला ०.३५ चा हिशेब (०.३५ भागिले बँडविड्थ) लावला की साडेतीन नॅनोसेकंद येतात, आणि सर्वात वेगवान, खान्याला ५ नॅनोसेकंदाच्या स्वीपवर ते १० ते ९० टक्क्यांमध्ये ०.७ खाना. भिंग लावून मोजलं, तेवढाच. पन्नास वर्षांच्या आसपास वयाचं मशीन, आणि कागदावर लिहिलेलं वचन अजून पाळतंय.

हे सगळं करता आलं ते सर्व्हिस मॅन्युअलमुळे हेही सांगायला हवं. त्या काळची मॅन्युअल वाचली की कळतं की लिहिणाऱ्याने दुसऱ्या टोकाचा रिपेअर करणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता. सर्किट कसं चालतं ते शब्दांत, स्कीमॅटिकवर जागोजागी व्होल्टेज, कुठे कसा वेव्हफॉर्म दिसायला हवा त्याचं चित्र. याच्याही आधीच्या व्हॉल्व्हच्या स्कोपमध्ये तर टेक्ट्रॉनिक्सवाले सिरॅमिक पट्ट्यांसाठी लागणाऱ्या चांदीयुक्त सोल्डरचं छोटं रीळच कॅबिनेटच्या आत ठेवून द्यायचे, म्हणजे रिपेअरवाल्याने साधं सोल्डर वापरून पट्टीची चांदी उखडू नये.

काकांनी विचारलं की आता उघडलाच आहे तर बाकीचे सगळे कपॅसिटर बदलून टाकू या का. मी नाही म्हटलं. फिल्टर कपॅसिटर मोजले होते, रिपल चांगला होता, ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) चांगला होता, मग चांगलं काम करणारा पार्ट काढून पॅड कशाला दुखवायचे. फक्त १५ च्या रेलवर त्याच जातीचे, तेवढ्याच तोकड्या व्होल्टेजचे जे टँटलम होते ते बदलले, कारण एकाला जे झालं ते त्याच्या भावंडांना होणार हे उघड होतं. कव्हर लावून संध्याकाळपर्यंत चालू ठेवला, कारण कव्हर लावल्यावर आत तापमान चढतं आणि राहिलेला फॉल्ट असेल तर तो तेव्हाच बाहेर येतो. ५५ एकदा गरम झाल्यावर पुन्हा पाहिला, हललेला नव्हता.

बदललेल्या पार्टची यादी आणि रेलची रीडिंग एका कागदावर लिहून कव्हरच्या आत चिकटवली आहे, पुढे जो कोणी उघडेल त्याला कामाला येईल. काकांना सांगितलं आहे की महिन्यातून एकदा तासभर तरी चालू करत जा आणि फ्यूज गेला तर आहे त्याच रेटिंगचा घाला. काढलेला कपॅसिटर त्यांनी मागून घेतला, आधी जिथे दाखवला होता तिथे नेऊन दाखवायचा आहे म्हणाले.