नीरा ओलांडल्यावर: दिंडीची वही हातात घेताना

नीरेच्या दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, तेव्हा दिंडीचा व्यवस्थापक घाटावर नसतो. तो लोणंदच्या तळावर ट्रकच्या फाळक्यावर उभा राहून खुंट्या मोजत असतो, नाहीतर टँकरवाल्याला फोन लावत असतो. वीणेकऱ्याच्या लोक पाया पडतात, पखवाजवाल्याला चहा मिळतो, तुळशीवाल्या बाईला वाट मिळते. वहीला कोणी हात जोडत नाही. यंदा ती वही माझ्याकडे आली.

आमची दिंडी माउलींच्या पालखीच्या रथामागची, एकशे तीस माणसांची. सोहळ्यात याहून मोठ्या दिंड्या कितीतरी आहेत. पण एकशे तीस म्हणजे पहाटे एकशे तीस कप चहा, दोन वेळची ताटं, रात्री तेवढीच अंथरुणं, आणि त्यातली निम्मी माणसं साठीच्या पुढची. वहीच्या पहिल्या पानावर आधीच्या व्यवस्थापकांनी, म्हणजे तात्यांनी, एकच ओळ लिहिलेली आहे: योगक्षेमं वहाम्यहम्. तिच्याखाली रेघ, आणि रेघेखाली लगेच तूरडाळ.

गीतेच्या नवव्या अध्यायातला हा बाविसावा श्लोक कीर्तनात शंभरदा ऐकलेला असतो. हातात वही आली की त्यातले दोन शब्द वेगळे दिसायला लागतात. योग म्हणजे जे नाही ते मिळवून देणं. क्षेम म्हणजे जे आहे ते सांभाळणं. दिंडीच्या भाषेत योग म्हणजे शिधा, पाणी, गॅस, तळावरची जागा. क्षेम म्हणजे आळंदीहून निघालेलं प्रत्येक माणूस धडधाकट पंढरपुरात पोचणं. देवानं जे वाहीन म्हणून सांगितलंय, नेमकं तेच काम व्यवस्थापकाच्या डोक्यावर. मग आपण करायचं काय? वही देताना तात्या एवढंच म्हणाले, "मोजता येतंय तेवढं तू मोज. बाकीचं त्यानं सांगितलंय न्हवं?"

तर मोजता येतं ते असं. माणशी तांदूळ शंभर ग्रॅम धरायचा, म्हणजे एका वेळेला तेरा किलो. तूरडाळ पाच किलो. पोळ्यांना कणीक वीस किलो. चहाच्या एका फेरीला दूध सहा लिटर, साखर दीड ते दोन किलो. एकोणीस किलोचा सिलिंडर दोन ते अडीच दिवस जातो, पण वारा सुटला की गणित बिघडतं. आषाढातला फलटणकडचा वारा भट्टीची आच पातेल्याला लागूच देत नाही. भट्टीला तिन्ही बाजूंनी पत्रे उभे केले नाहीत तर भात वर कच्चा, खाली करपलेला. आमटीचं दुखणं वेगळं. टँकर बोअरवर भरलेला असला तर पाणी जड असतं आणि डाळ तासभर रटरटूनही दाणादाणा राहते. डाळ रात्रीच भिजत टाकायची. ते राहिलंच तर चिमूटभर सोडा. जास्त झाला की आमटीला साबणाची चव येते आणि ती पंगतीभर ऐकून घ्यावी लागते.

कांदा मात्र लोणंदलाच घ्यायचा. कांद्याचा एवढा मोठा बाजार वाटेवर पुन्हा नाही. मानेला ओला लागणारा कांदा स्वस्त मिळाला तरी नको. ट्रकमध्ये ताडपत्रीखाली तिसऱ्या दिवशी वास मारतो आणि शेजारचा बटाटाही नासवतो.

आता पंगत. कुणीतरी गावाकडं शब्द दिलेला असतो की अमुक मुक्कामी दुपारचं जेवण आमच्याकडून. नव्वद टक्के लोक शब्द पाळतात, आणि असे पाळतात की आपल्यालाच लाजायला होतं. पण कधी टेम्पो बंदोबस्तात अडकतो, कधी घरात सुतक येतं, कधी फोनच लागत नाही. म्हणून ट्रकमध्ये एका वेळेचं पिठलं-भाकरीचं सामान कायम बाजूला बांधलेलं असतं: बेसन सात किलो, ज्वारीचं पीठ वीस किलो, तेल, लसूण, मिरच्या. यातही एक खाच आहे. ज्वारीचं पीठ आठवडाभर पडून राहिलं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेनं फाटते. बाया पाणी उकळून उकड घेतात तेव्हा कुठं ती निघते. म्हणून आठ दिवसांच्या आत ते पीठ वापरून टाकायचं आणि नवं दळून आणायचं. देवाच्या शब्दावर एवढा भरवसा आहे तर बेसन कशाला बांधून ठेवता, असं एका पोरानं थट्टेनं विचारलं. भाकरी थापणाऱ्या मावशींनी मान वर न करताच उत्तर दिलं, "बेसन बी त्यानंच दिलंया की."

लोणंदहून पालखी दुपारी निघते. तरडगावचं अंतर थोडं आहे, पण वाटेत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. दिंड्या रस्त्याच्या दोन्ही अंगाला उभ्या राहतात आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यातून दोन अश्व धावतात: एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा मोकळा, तो माउलींचा. अश्व गेले की सगळे टापांखालची माती कपाळाला लावायला वाकतात, आणि त्याच क्षणी ओळी मोडतात. माणूस हरवतं ते इथं. दमलेलं माणूस मागं राहिलं तरी वाट सोडत नाही. आनंदात असलेलं माणूस मात्र भलत्याच दिंडीबरोबर फुगडी घालत पुढं निघून जातं.

उपाय साधा आहे. प्रत्येकाच्या गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड: नाव, गाव, दिंडीचा क्रमांक, दोन मोबाईल नंबर. एकच नंबर दिला तर तो नेमका चार्जिंगला लावलेला असतो. क्रमांकाआधी "रथामागे" हा शब्द ठळक हवा, कारण रथापुढेही त्याच आकड्याची दिंडी असते आणि मदत करणारा पोलीस माणसाला भलतीकडं नेऊन सोडतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून रोज सकाळी क्रमांक म्हणून घ्यायचा, हरिपाठासारखा. आणि सगळं करूनही कुणी सापडलं नाही तर संध्याकाळची समाज आरती आहेच.

या आरतीला व्यवस्थापकानं गेलंच पाहिजे. तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती येतात, टाळ-पखवाजांचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार चोप वर करतो आणि एका क्षणात सगळं थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडं जाऊन ऐकून घेतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्याची निघायची वेळ सांगतात, आणि आरती होते. लाखभर माणसांचं ऑफिस दहा मिनिटांत उरकतं. ही शिस्त आपल्याच जिल्ह्यातल्या माणसानं घालून दिली. हैबतबाबा आरफळकर, सातारा तालुक्यातल्या आरफळचे, शिंदे सरकारांच्या पदरी सरदार. ते सोडून ते माउलींच्या पायाशी आळंदीत राहिले आणि 1832 च्या सुमारास आजचा हा सोहळा सुरू केला. पहाटेचे तीन कर्णे, दिंड्यांचा क्रम, अश्व, चोपदार यात लष्कराचा हात स्पष्ट दिसतो. पहिल्या कर्ण्याला तंबू उतरवायचे, दुसऱ्याला तयार व्हायचं, तिसऱ्याला पाऊल उचलायचं. नवीन माणसाला मोठा आधार या कर्ण्यांचाच. निर्णय आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेले असतात, आपण फक्त उशीर करायचा नसतो.

ट्रक मात्र कर्ण्याची वाट बघत नाही. रस्ता वारकऱ्यांनी भरला की गाडी हलत नाही, म्हणून स्वयंपाकाची गाडी मध्यरात्रीनंतरच पुढच्या जागेला सुटते. तरडगाव ते फलटण वीसेक किलोमीटर. पालखी मार्ग, म्हणजे महामार्ग क्रमांक 965, रुंद झाल्यापासून गाड्यांची सोय झाली आणि माणसांची सावली गेली. तापलेल्या रस्त्यानं पायाला फोड येतात, त्यातून नवी चप्पल असली तर येतातच. फोड फोडायचा नाही. फुटलाच तर कातडं ओढून काढायचं नाही. जलसंजीवनीचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्ध्या ग्लासात सगळं ओतून पिणारे दरवर्षी भेटतात.

फलटणला तळ विमानतळाच्या मैदानावर. पाऊस नसेल तर स्वर्ग. सर आली की काळी माती चपलेला शेर-शेर चिकटते आणि तंबूची खुंटी लोण्यात सुरी जावी तशी आत जाते आणि तशीच वर येते. लांब लोखंडी खुंट्या तिरप्या ठोकायच्या, टोक तंबूकडं, डोकं बाहेर. पाणी उतरून येतं त्या बाजूला वीतभर खोल चर आधी खणायचा, तंबू नंतर. उलटं केलं की रात्री दोनला अंथरुणं उचलावी लागतात. टँकर आला की आरोग्य खात्याच्या माणसाकडून ओटी टेस्ट करून घ्यायची. नमुना पिवळा झाला तर पाण्यात क्लोरीन आहे. रंग आला नाही तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून अर्धा तास थांबल्याशिवाय तोटी उघडायची नाही. लोक चिडतात. चिडू द्यावं.

एवढ्या धावपळीत व्यवस्थापकाच्या हातून एक गोष्ट हमखास सुटते ती हरिपाठ. त्या श्लोकात वचन आहे तशी अटही आहे: जे अनन्य होऊन माझं चिंतन करतात त्यांचा. दिवसभर कांद्याचं चिंतन करणाऱ्याचा उल्लेख नाही. म्हणून तात्यांचा नियम होता, आणि तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला आहे: हरिपाठाला वही ट्रकमध्ये, फोन आचाऱ्याकडं, आपण टाळकऱ्यांच्या शेवटच्या ओळीत. बरडच्या मुक्कामी, सातारा जिल्ह्यातल्या शेवटच्या रात्री, मी हा नियम पहिल्यांदा नीट पाळला. टाळ कुणाचा तरी मागून घेतलेला होता, दोरी आखूड होती. "जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती" हा तुकोबांचा अभंग त्यानंतर कुणीतरी उचलला. पखवाजाच्या धुमेची, म्हणजे डाव्या तोंडाची, कणीक वाळून पडली होती, ती लावायला पोरगं भटारखान्यातून मूठभर गोळा घेऊन पळत आलं. कणीक पोळ्यांची होती, माझ्या मोजणीतली.

आरतीनंतर कंदील घेऊन तंबूतली डोकी मोजली. एकशे अठ्ठावीस. पुन्हा मोजली, तरी एकशे अठ्ठावीस. दोघी ट्रकच्या मागच्या बाजूला ओली लुगडी दोरीवर टाकत होत्या.