भावाला एकेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला, मग मी माझी तपासणी करून घेतली

मे महिना. देवगडात हापूसची शेवटची तोड चालू होती. धाकटा भाऊ सकाळी सहापासून बागेत होता. दहाच्या सुमारास पडवीत येऊन टेकला तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला आणि डावा हात उजव्या हाताने घट्ट धरलेला. म्हणाला, "ताई, पित्त झालाहा. आगळ पितंय, जातला."

मलाही पित्तच वाटलं. काटकुळा माणूस, विडी-सिगारेट नाही, दारू नाही. जवळच्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, त्यात दोन तास गेले. जबडा दुखायला लागला तेव्हा त्याला सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे ईसीजी काढताच डॉक्टरांनी रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं आणि १०८ बोलावली. पुढे फोंडाघाट चढून, राधानगरीवरून कोल्हापूर. आमच्याकडचे बहुतेक जण हृदयासाठी एकतर घाट चढतात, नाहीतर गोव्यात बांबोळीला जातात. वळणावळणाला मी त्याच्या बोटावरच्या यंत्रातला आकडा बघत होते. आई घरून फोनवर एकच वाक्य बोलली, "तुझो आजो पण असोच गेलो." आजोबा पन्नाशीच्या आत गेले हे ठाऊक होतं, पण कशाने ते घरात कधी कोणी बोललंच नव्हतं.

अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. महात्मा फुले योजनेतून झालं. आरोग्यमित्राने फोनवर तातडीची मंजुरी घेतली आणि कागद नंतर मागितले. रेशनकार्डावर भावाचं नाव एका प्रकारे आणि आधारवर दुसऱ्या प्रकारे लिहिलेलं, ते निस्तरण्यात दोन दिवस गेले. तुमच्या घरातली ही दोन कार्डं आजच शेजारी ठेवून बघा, एवढं मनापासून सांगते.

डिस्चार्जच्या दिवशी हृदयरोगतज्ज्ञांनी विचारलं, "सख्खं भावंड कोण?" मी हात वर केला. वय चव्वेचाळीस. ते म्हणाले, "तुम्ही स्वतःची तपासणी करून घ्या." आणि कारणही समजावून सांगितलं. २००४ साली ५२ देशांतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, इंटरहार्ट नावाचा. त्यात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका मध्यमानाने ५३व्या वर्षी आला होता, बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी. जोखीम मोजण्याची जुनी कोष्टकं मात्र अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या माणसांवरून बेतलेली. १९४८ साली तो अभ्यास सुरू झाला तेव्हा त्यातले जवळजवळ सगळे गोरे होते. आमच्यासारख्यांची जोखीम त्या मापात कमीच दिसते.

तरी गावात परत येऊन मी तपासणीचं काढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुमचं वजन बरोबर आहे, बीपी नाही, पाळीही चालू आहे. कशाला घाबरता?" बायकांना हे उत्तर फार सहज मिळतं. मला ते पटलं नाही.

इंग्लंडात लेस्टरला माझी मावसबहीण नर्स आहे. तिकडे डॉक्टर क्यूरिस्क३ नावाच्या गणकावर पुढच्या दहा वर्षांची जोखीम काढतात. तिने फोनवर माझी माहिती भरली. त्यात वंशाचा रकाना असतो: गोरे, भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, आफ्रिकी आणि आणखी काही. आधी तिने 'गोरे' निवडलं, मग 'भारतीय'. बाकी सगळं तेच, तरी टक्का वाढला. साठीच्या आत झटका आलेलं सख्खं भावंड आहे का हेही तो विचारतो. आणि पोस्टकोड विचारतो, कारण वस्ती गरीब असेल तर जोखीम वाढते. हे ऐकून मी थांबलेच. म्हणजे रक्त आणि पत्ता दोन्ही मोजतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांत हृदयविकाराचे मृत्यू गोऱ्यांपेक्षा जास्त आहेत, त्यातही वस्ती, उत्पन्न, विमा आणि मिळणारे उपचार यांचा मोठा वाटा आहे. तो गणक ब्रिटनच्या लोकांसाठी आहे, माझा टक्का इथे जसाच्या तसा लागू नाही. पण मनात आलं, आमच्यासाठी कोणी बनवलाच तर त्यात घाटाचा रकाना हवा.

त्या रात्री शिलाई मशीनच्या खणातली टेप काढली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मापलं. ८८ सेंटिमीटर. भारतीय बाईसाठी मर्यादा ८०, पुरुषासाठी ९०. वजनाच्या काट्यावर मी ठीक होते, पण चरबी सगळी पोटाशी. भावाचंही तेच निघालं: हातपाय काडीसारखे, कंबर ९४.

मग रक्त दिलं. नेहमीच्या कोलेस्टेरॉलसोबत लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, तोही मागून तपासून घेतला. लॅबवाल्याने हे नाव दोनदा विचारलं. नमुना मुंबईला गेला आणि आठवड्याने रिपोर्ट आला. हा कण बहुतांशी आईबापाकडून येतो, जेवणाखाणाने फारसा हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासला तरी बहुधा पुरतो. दक्षिण आशियाई लोकांत तो गोऱ्यांपेक्षा सरासरीने जास्त असतो. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानेही २०२४ मध्ये तो एकदा तपासावा असं सांगितलं. डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर गेला की जोखीम. माझा ७१, भावाचा ९४.

रिपोर्ट हातात घेऊन मी बराच वेळ ओट्याशी उभी होते. आजोबा कशाने गेले असतील, त्याची पहिली खूण त्या कागदावर होती.

या कणावर खास औषध अजून बाजारात नाही, म्हणून बाकीचं सगळं आवळायचं. मला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू झाली. सहा महिन्यांत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४२ वरून ७४ वर आलं. संध्याकाळी भाऊ आणि मी बंदरापर्यंत चालतो. जेवणात सुकटीची चटणी आणि मिठातलं लोणचं कमी केलं, ते मला सगळ्यात जड गेलं. नारळ सोडला नाही, तेल मात्र मोजून.

आता उरलाय भावाचा मुलगा, चौदा वर्षांचा. वहिनी म्हणते एवढ्यात सुई नको, मी म्हणते एकदाच तर टोचायचंय. दिवाळीच्या सुट्टीत त्याचं रक्त द्यायचं ठरलंय, लॅबवाल्याला तपासणीचं नाव लिहून दिलंय.